पावण्यांची अक्का

अक्कांचा आवाज आधी यायचा, अक्का मागून. त्या कॉलेजच्या फाटकात रिक्षावाल्याशी बोलत असल्या तरी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात आम्हाला कळायचं, की रिक्षावाल्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालंय. मग जिन्यात चपला वाजायच्या, दार भिंतीवर आपटायचं आणि अक्का आत यायच्या. खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी, गळ्यात शिट्टी. गळ्यात शिट्टी घालून वर्गावर येणारी दुसरी प्राध्यापिका मी अजून पाहिलेली नाही.

त्यांचं नाव सुवार्ता भोरे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "बाई म्हणायचं न्हाय, मॅडम तर न्हाईच न्हाई. आमच्या गडहिंग्लजकडं थोरल्या भणीला अक्का म्हणतात. मला अक्का म्हणा, आन चुकलो तर तोंडावर सांगा." आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात. आधी मिशनच्या दवाखान्यात नर्स, मग जिथं जिथं माणसं घरातून बाहेर फेकली गेली तिथं तिथल्या छावण्यांमध्ये काम, आणि पन्नाशी उलटल्यावर कोल्हापुरातल्या या छोट्या ख्रिस्ती कॉलेजात शिकवणं. यापेक्षा जास्त त्यांनी स्वतःबद्दल कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "माझं काय घिऊन बसलाईस? तुझं सांग."

माझं सांगण्यासारखं एवढंच, की मी नेसरीची. बीए झालं होतं आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती. 'मानवसेवा आणि आपत्तिकार्य : ख्रिस्ती दृष्टिकोन' असा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, हे मला मैत्रिणीकडून कळलं. "ख्रिश्चनांच्या कॉलेजात?" वडील म्हणाले. "धर्म बाटवतील." आईनं फक्त विचारलं, "पोरींचं होस्टेल हाय न्हवं तितं?" होस्टेल होतं. मी गेले.

आमचा वर्ग मूठभर मुलांचा. त्यातल्या दोघांबद्दल लगेच सांगायला हवं. एक इरफान, कुरुंदवाडचा, वडिलांचं शिलाईचं दुकान. दुसरा योएल, पास्टरांचा मुलगा. त्याला मोठा वक्ता व्हायचं होतं आणि संकटात सापडलेल्या लोकांना देवाचं वचन सांगण्यासाठीच आपण हा अभ्यास करतोय, असं तो उघड म्हणायचा.

पहिला तास वर्गात झालाच नाही. अक्कांनी आम्हाला मागच्या मैदानात नेलं, एक ताडपत्री, दोरी आणि चार बांबू टाकले आणि शिट्टी मारली. "सहा माणसांचं घर बांधा. आजी, नवरा-बायको, वयात आलेली पोरगी, दोन बारकी पोरं." आम्ही उत्साहानं घामाघूम होऊन तंबू उभा केला. योएलनं त्यावर काटक्यांचा एक क्रूसही बांधला. अक्का आत जाऊन मांडी घालून बसल्या. इकडं तिकडं बघितलं.

"झ्याक. आता सांगा, पोरीनं न्हायाचं कुठं?"

आम्ही तंबूत डोकावून बघितलं.

"आजीला मुतायला कुठं न्यायचं? क्रूस दिसतोय, पण आडोसा दिसंना." त्या बाहेर आल्या आणि योएलच्या पाठीवर जोरात थाप मारली. "काढू नगंस. पण आधी आडोसा, मग क्रूस. देव थांबतोय तेवढा वेळ. पोरीला थांबता येत न्हाय."

मी त्या दिवशी होस्टेलवर गेले ती अक्षरशः उड्या मारत. पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात काढली होती, पण आपण विचार न केलेली गोष्ट अशी डोळ्यांसमोर ताडपत्रीखाली बसलेली कधी दिसली नव्हती!

अक्कांची प्रार्थनाही तशीच. तास प्रार्थनेनं सुरू करायचा हा कॉलेजचा नियम. बाकीचे प्राध्यापक डोळे मिटून बराच वेळ बोलायचे. अक्कांची प्रार्थना ठरलेली होती : "देवा, आज आमच्यामुळं कुणाला तरास हुऊ नये. आमेन." इरफान हसून म्हणायचा, यात आपल्याला म्हणता येणार नाही असं काहीच नाही.

आणि मग ती रांग. एका दुपारी अक्कांनी आम्हाला न जेवता बोलावलं. मैदानात भाताचं पातेलं ठेवलं होतं. आम्हाला रांगेत उभं केलं आणि वाढायला बसल्या त्या स्वतः. काय ते वाढणं! "ए, पुढं सरक. काल न्हेलतास न्हवं? परत आलास व्हय? ताट नीट धर. फुकटचं हाय म्हणून सांडतीस?" प्रत्येकाला असं काहीतरी. माझी पाळी आली तेव्हा मान खाली घालून मी म्हटलं, "मला नको." भूक मेली होती.

तेव्हा त्यांनी पळी खाली ठेवली. "हां. आता समजलं? छावणीत भात कमी पडला तर माणूस मरत न्हाय लगेच. असा भात खाऊन मरतंय." मग आम्हाला झाडाखाली बसवून त्यांनी स्वतःच्या हातानं वाढलं, लोणच्यासकट, आग्रह करकरून. त्या दिवसापासून वर्गात 'लाभार्थी', 'पीडित', 'बिचारे' हे शब्द बंद. "आपण कोल्हापूरची माणसं. वळखीचा नसला तर माणसाला काय म्हणतो आपण?"

"पावणं," आम्ही ओरडलो.

"मग? पूर येऊ दे न्हायतर भूकंप हुं दे, पुढ्यात आलेला पावणा. येशू सवता पावण्यासारखा दुसऱ्याच्या दारात फिरत हुता. पावण्याला रांगेत उभं करून वराडतं व्हय कोण?"

त्या पावसाळ्यात पूर आला. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही फुगल्या, आणि कुरुंदवाडकडच्या एका गावातली माणसं उंचावरच्या शाळेत आणायचं ठरलं. आमच्या वर्गाला तिथं बोलावणं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांबू, ताडपत्र्या, चुन्याची पोती आणि सगळ्यात वर शिट्टीवाल्या अक्का!

शाळेच्या फाटकाशी गावातली चार-पाच पोरं आडवी आली. त्यातला एक म्हणाला, "तुमी ख्रिश्चन कॉलेजवालं न्हवं? हितं प्रार्थना-बिर्थना चालणार न्हाय. आधीच सांगतो."

योएल पुढं व्हायला लागला. अक्कांनी त्याच्या शर्टाला धरून मागं ओढलं आणि म्हणाल्या, "प्रार्थना मी घरातनं करून आलोय, पावणं. हितं संडास बांधायला आलोय. खड्डा मारायला कोण येतंय तुमच्यातलं?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. अडवणाऱ्यानंच शेवटी कुदळ घेतली. त्याचं नाव सुरेश. पुढचे सगळे दिवस तो अक्कांच्या मागं मागं होता.

पाणी चढत होतं आणि गावाच्या कडेच्या घरात एक म्हातारी अडून बसली होती. मालव्वा. नवरा गेलेला, मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. गोठ्याच्या दारात ती म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसली होती. ट्रॉलीवरची सरकारी माणसं समजावून थकली होती. माणसांनाच जागा नाही, म्हैस कुठं घेणार?

"म्हस न्हाय तर मी बी न्हाय," मालव्वा म्हणाली. "तुमी जावा."

पाणी तिच्या घोट्यावर आलं होतं. अक्कांनी एकदा म्हशीकडं बघितलं, एकदा पाण्याकडं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की अक्का म्हशीला घाबरतात. चांगल्याच घाबरतात. शिंग हललं की त्या दोन पावलं मागं जात होत्या. तरी म्हणाल्या, "आत्या, तुमी ट्रॉलीत बसा. तुमच्या नजरंसमोर म्हशीला चालवत आणतो. मी सवता आणतो."

"तू?" मालव्वा म्हणाली. "तुला दावं तरी धरता येतंय काय?"

"येत न्हाय. ही नेसरीची पोरगी शिकवंल."

मी दावं सोडून अक्कांच्या हातात दिलं आणि मागून म्हशीला रेटायला लागले. पुढं ट्रॉली, ट्रॉलीत मागं तोंड करून बसलेली मालव्वा, मग अक्का, मग म्हैस, मग मी. पाणी गुडघ्याच्या वर. भीती वाटली की अक्का गायच्या. त्या मोठमोठ्यानं चर्चमधलं गाणं गायला लागल्या, इतकं बेसूर की ट्रॉलीतली माणसं भीती विसरून हसायला लागली. मालव्वा वरून ओरडत होती, "वडू नगंस! सैल सोड! तिला ठावं हाय वाट!" आणि खरंच म्हैसच पुढं झाली. शाळेपर्यंत तिनंच अक्कांना ओढत आणलं. फाटकात सुरेश आणि त्याच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. अक्का चिखलानं माखल्या होत्या, एक चप्पल गेली होती, आणि आनंदानं त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, या बाईला याहून मोठं बक्षीस कुणी देऊ शकणार नाही. म्हैस शाळेच्या सायकल शेडमध्ये बांधली.

छावणीत मालव्वा अक्कांना सोडेना. एका सकाळी भात खाता खाता तिनं विचारलं, "तू एवढी राबतीस. तुझा देव काय म्हणतोय गं? सांग तरी."

योएलचे डोळे चमकले. हाच तो क्षण, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. पण अक्कांनी मान हलवली.

"आता न्हाय, आत्या. आता तुमी मी वाढलेल्या ताटावर बसलाय. आता मी काय बी सांगितलं तर तुमी व्हय म्हणशिला. पूर उतरू दे. तुमच्या घरात, तुमच्या चुलीवर चहा करा, आन मग इचारा. तवा न्हाय म्हणायची बी मोकळीक ऱ्हाईल."

योएल नंतर माझ्याजवळ चिडून म्हणाला, "संधी घालवली." मी मालव्वाचं ताट उचलून धुवायला नेलं.

दुसऱ्याच दिवशी त्याला दुसरी संधी दिसली. बाहेरगावाहून एका ट्रस्टचे चिटणीस ब्लँकेटांनी भरलेला ट्रक घेऊन आले. आमच्या कॉलेजची नवी इमारत त्यांच्याच मदतीनं उभी राहिली होती. सोबत मोठा फ्लेक्स. त्यांचं म्हणणं असं : सगळ्यांनी पटांगणात बसावं, आधी संदेश होईल, मग फ्लेक्ससमोर एकेकाला ब्लँकेट देऊन फोटो. त्यांनी मालव्वाला बघितलं आणि म्हणाले, "या आजींना पहिलं बोलवा. फोटो चांगला येईल."

पाऊस भुरभुरत होता. पोरं ओल्या कपड्यांत होती. फाटकातून सुरेश आमच्याकडं बघत होता. त्याच्या नजरेत सरळ सरळ होतं : शेवटी आलात ना मुद्द्यावर?

"आधी ब्लँकेटं वाटू," अक्का म्हणाल्या. "मग ज्याला बसायचंय त्यो बसंल."

"बाई, हे ख्रिस्ताच्या नावानं आलंय."

"म्हणूनच म्हणतोय, सायेब. त्येच्या नावाला कमीपणा यायला नगं."

चिटणिसांनी तिथूनच प्राचार्यांना फोन लावला आणि अक्कांच्या हातात दिला. प्राचार्य सज्जन माणूस, पण घाबरले होते. आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता : ते म्हणतात तसं करा, बाई, प्रश्न कॉलेजचा आहे. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या.

"सर, मला काढायचं असंल तर सोमवारी काढा. आज वाटप हाय."

फोन परत दिला आणि शिट्टी मारली. आम्ही जागचे हललो नाही. खरं सांगते, आम्ही सगळेच घाबरलो होतो. ट्रककडं पहिला गेला तो योएल. त्यानं फळी खाली पाडली, ब्लँकेटांचा एक गठ्ठा डोक्यावर घेतला आणि शाळेच्या खोल्यांकडं चालू लागला. मग इरफान, मग मी, मग फाटकातून सुरेश धावत आला. घराघराप्रमाणं, बसलेल्या जागी, ज्याच्या त्याच्या हातात देऊन आम्ही वाटप केलं. चिटणीस गाडीत बसून राहिले. ट्रक रिकामा झाल्यावर निघून गेले. जाताना फ्लेक्स तेवढा राहिला.

अक्कांनी तो बायकांच्या न्हाणीला आडोसा म्हणून लावला. छपाईची बाजू आत.

सोमवारी नाही, पण पूर उतरल्यावर कमिटीनं त्यांना बोलावलं. आम्ही सगळे बाहेर व्हरांड्यात. आतून अक्कांचा आवाज येत नव्हता, म्हणून आम्ही जास्तच घाबरलो. त्या बाहेर आल्या तेव्हा योएलनं विचारलं, "काय झालं, अक्का?"

"माफी मागितली."

आमचे चेहरे पडले.

"फ्लेक्सची मागितली," अक्का म्हणाल्या. "परक्याची वस्तू न इचारता वापरली, चूक झाली. ब्लँकेटांची न्हाय मागितली. ती मागा म्हणत हुते." आणि इतक्या जोरानं हसल्या, की कमिटीच्या खोलीचं दार कुणीतरी आतून लावून घेतलं.

वर्ष संपेपर्यंत त्यांना ठेवायचं, पुढच्या वर्षी नेमणूक नाही, असं ठरलं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं ते गाळ काढायला जाताना, एसटीत, शेंगा खाता खाता.

गाळ काढायला आम्ही मालव्वाच्याच गावात गेलो. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. आम्ही घमेल्यांनी चिखल बाहेर काढला, जमीन धुतली. मालव्वानं चूल पेटवली आणि म्हशीच्या दुधाचा दाट चहा केला. पितळीत ओतून अक्कांच्या पुढ्यात ठेवला आणि समोर बसली.

"घर माझं, चूल माझी, चहा बी माझा. आता सांग तुझा देव काय म्हणतोय."

योएल पुढं सरकून बसला. अक्कांनी चहाचा घोट घेतला आणि येशूनं सांगितलेली एक गोष्ट सांगितली. एका वाटसरूला चोरांनी अर्धमेलं करून टाकलेलं असतं. देवाधर्माची माणसं बघून बाजूनं निघून जातात. ज्याच्या जातीला सगळे नावं ठेवतात असा एक परका थांबतो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, धर्मशाळेत नेतो आणि तिथल्या माणसाला याची काळजी घे म्हणून सांगतो.

मालव्वानं नीट ऐकलं. मग विचारलं, "आन धर्मशाळेत त्येचं हातपाय कुणी धुतलं? पेज कुणी केली?"

अक्कांनी पितळी तोंडापासून खाली घेतली. "ते काय लिवलेलं न्हाय, आत्या."

"लिवलं न्हाय म्हंजे बाईनं केलं असणार," मालव्वा म्हणाली.

अक्का इतक्या हसल्या की चहा मांडीवर सांडला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मालव्वाही हसली आणि तिनं पितळी पुन्हा भरली. देवाचा विषय तिथंच संपला. मालव्वा नंतर शाळेच्या पोरांच्या चिखलात गेलेल्या पुस्तकांबद्दल बोलत राहिली.

परत येताना योएल म्हणाला, "अक्का, मला वाटलं त्या पुढं काहीतरी विचारतील."

"इचारलं की तिनं! आन मला उत्तर आलं न्हाय." अक्कांचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता. "एवढी वर्षं ती गोष्ट शिकवतोय. उचलून आणणारा दिसला मला. पेज करणारी न्हाय दिसली. बघ की, योएल, काय दिलं तिनं आपल्याला!"

पुढचा अख्खा महिना आम्ही त्यावरच शिकलो : उचलून आणल्यानंतर काय? गाळ, विहिरी, पोरांची शाळा, बाळंतिणी. योएल गप्प राहून लिहून घ्यायचा. आज तो शिरोळकडच्या गावांमध्ये विहिरी स्वच्छ करण्याचं काम करतो. भाषण करायला आता लाजतो.

अक्का नेमणूक संपल्यावर बहिणीकडं गडहिंग्लजला गेल्या. मी कोल्हापुरातच एका मदत संस्थेत लागले. त्यांची शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यात झाली. त्यानंतर त्या ईशान्येकडच्या एका नर्सिंग शाळेत शिकवायला गेल्या, आणि आता फक्त फोन येतात, तेही कानापासून लांब धरावे लागतात.

ती भेट अशी : कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीजवळ बाहेरच्या राज्यांतून आलेल्या मजुरांच्या झोपड्या जळाल्या होत्या. माणसं वाचली, सामान गेलं. आमच्या संस्थेची गाडी घेऊन मी पोहोचले, तर तो आवाज माझ्या आधी तिथं हजर!

"तुम लोग कायकू चूप बैठा हाय? भात नको तो नको बोलो की!"

आलेली प्रत्येक संस्था भात वाटत होती. त्या बायकांना रोटी हवी होती, आणि तव्यांचं काय झालं हे कुणी विचारलं नव्हतं. अक्कांनी एक टेम्पो मिळवला होता. मागच्या हौद्यात त्या तिथल्या तीन बायकांबरोबर चढत होत्या. वयामुळं पाय वर जात नव्हता, तर एक बाई त्यांना हाताला धरून ओढत होती आणि अक्का स्वतःलाच हसत होत्या. मी धावत गेले.

"अक्का!"

"आलीस व्हय?" त्यांनी वळून बघितलं. बरी आहेस का, लग्न झालं का, काही नाही. "बरं झालं. कागलच्या बाजारातनं पीठ आन तवं आणतोय. ह्या सवता निवडणार हायत. तू चुली मांडून ठेव. ह्यांच्या पद्धतीच्या, त्या कडंला बसलेल्या म्हातारीला इचारून मांड."

"मी पण येते की."

"जागा कुठं हाय?"

टेम्पो हलला. एका बाईनं अक्कांच्या खांद्याला धरलं, अक्कांनी केबिनच्या टपाला. चौघी दाटीवाटीनं उभ्या होत्या. त्यातली एक काहीतरी बोलली, ते अक्कांना कळलं नसावं, तरी त्या मान हलवून जोरजोरात हसल्या आणि कोल्हापुरीतच उत्तर देत राहिल्या. टेम्पो धूळ उडवत हायवेकडं वळला, आणि वळणाच्या पलीकडून, दिसेनाशा झाल्यावरही, ऐकू आलं :

"चुलीला इटा मोठ्या घे गंऽऽ!"

मी बाही वर सारली आणि म्हातारीपाशी जाऊन बसले.